‘आम्ही सगळ्यांना सारखंच वागवतो’ हे उत्तर पुरेसं नाही

मूळ रहिवासी समाजातल्या पेशंटला दवाखान्यात सुरक्षित वाटेल अशी वागणूक कशी द्यायची, हे डॉक्टर-नर्सना अभ्यासक्रमातच शिकवलं पाहिजे, असं कुणी म्हटलं की वैद्यकीय क्षेत्रातून एक उत्तर ठरलेलं असतं. जंतू जात विचारत नाहीत, किडनीला धर्म नसतो, आणि आम्ही तर सगळ्यांना सारखंच वागवतो. मग हे राजकारण दवाखान्यात कशाला? हे उत्तर न्यूझीलंडमध्ये दिलं गेलं, ऑस्ट्रेलियात दिलं गेलं, कॅनडात दिलं गेलं आणि आपल्याकडे आदिवासींचा विषय निघाला की आजही दिलं जातं. देणारे बहुतेक वेळा प्रामाणिक असतात. रात्रपाळीत चाळीस पेशंट एकटीने सांभाळणारी सिस्टरही हेच म्हणते, आणि तिच्या कष्टांवर शंका घ्यायचं काही कारण नाही. पण ते उत्तर चुकीचं आहे. त्याच्या आडोशाला माणसं मेली आहेत.

ब्रायन सिंक्लेअर हे कॅनडातल्या विनिपेगमध्ये राहणारे 45 वर्षांचे गृहस्थ, मूळ रहिवासी समाजातले. दोन्ही पाय कापलेले असल्यामुळे ते व्हीलचेअरवर असत. सप्टेंबर 2008 मध्ये त्यांची लघवीची नळी तुंबली, म्हणून ते एका क्लिनिकमध्ये गेले. तिथल्या डॉक्टरने चिठ्ठी देऊन त्यांना शहरातल्या मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात पाठवलं. सिंक्लेअर तिथे पोहोचले, दाराजवळच्या कर्मचाऱ्याशी बोलले आणि वाट पाहत बसले. ते 34 तास बसून होते. त्यांना उलट्या झाल्या तेव्हा सफाई कर्मचाऱ्याने भांडं आणून दिलं. इतर पेशंटबरोबर आलेल्या लोकांनी कर्मचाऱ्यांना सांगितलं की या माणसाकडे बघा. अखेर कुणीतरी बघितलं, तेव्हा देह ताठरला होता. नळी बदलणं आणि अँटिबायोटिक देणं, एवढाच उपचार लागणार होता. तो त्याच इमारतीत, काही पावलांवर उपलब्ध होता.

पुढे झालेल्या चौकशीत कर्मचाऱ्यांनी आपापली समजूत सांगितली. कुणाला वाटलं, हा दारू पिऊन पडलाय. कुणाला वाटलं, बेघर आहे, आसऱ्याला आलाय. कुणाला वाटलं, याला तपासून झालंय, आता न्यायला येणाऱ्याची वाट बघतोय. यातल्या एकाही माणसाने सिंक्लेअर यांना उपचार नाकारले नव्हते. ‘तुम्ही भेदभाव करता का’ असं त्यांना आदल्या दिवशी विचारलं असतं, तर सगळ्यांनी मनापासून ‘नाही’ म्हटलं असतं. जंतूने जात विचारली नाही, हे अगदी खरं. पण जंतूपर्यंत पोहोचायच्या आधी पेशंट एका माणसाच्या नजरेखालून जातो, आणि ती नजर मात्र विचारते.

या नजरेला प्रशिक्षणाचा विषय बनवण्याचं श्रेय इरिहापेती रॅम्सडेन या न्यूझीलंडच्या मूळ रहिवासी माओरी समाजातल्या नर्सकडे जातं. न्यूझीलंडमध्ये 1988 साली ख्राइस्टचर्चला नर्सिंग शिक्षणावर एक सभा भरली होती. तिथे पहिल्या वर्षाच्या एका माओरी विद्यार्थिनीने विचारलं, की तुम्ही कायदेशीर सुरक्षिततेबद्दल बोलता, नैतिक सुरक्षिततेबद्दल बोलता, उपचारातल्या सुरक्षिततेबद्दल बोलता. सांस्कृतिक सुरक्षिततेचं काय? रॅम्सडेन यांनी तो प्रश्न उचलला, त्याला सिद्धान्ताचं रूप दिलं, 1990 मध्ये त्यावर अहवाल लिहिला, आणि 1992 मध्ये न्यूझीलंडच्या नर्सिंग कौन्सिलने नर्स आणि सुईणींच्या अभ्यासक्रमात हा विषय सक्तीचा केला.

टीकाकार या विषयाची जी चेष्टा करतात, ती बहुतेक वेळा त्यांनीच कल्पिलेल्या गोष्टीची असते. त्यांना वाटतं, सांस्कृतिक सुरक्षितता म्हणजे माओरी रीतिरिवाजांची यादी पाठ करायची: डोक्याला हात लावण्याआधी विचारा, जेवणाचं भांडं आणि धुण्याचं भांडं वेगळं ठेवा, वगैरे. रॅम्सडेन यांचा अशा यादीला सरळ विरोध होता. त्याची कारणं दोन. एक म्हणजे, यादी हातात आली की नर्स समोरच्या माणसाला त्या समाजाचा नमुना म्हणून बघायला लागते. दुसरं कारण जास्त वेदनादायक आहे. वसाहतीच्या काळात जमीन गेली, भाषा गेली, माणसं शहरात फेकली गेली. लाखो माओरींना आपले रिवाज स्वतःलाच धड माहीत नाहीत. अशा माणसासमोर त्याच्या संस्कृतीची पाठ केलेली यादी घेऊन उभं राहणं, ही त्याच्या जखमेवरची खपली काढण्यासारखीच गोष्ट आहे.

म्हणून रॅम्सडेन यांनी अभ्यासाचा रोख पेशंटवरून उचलला आणि नर्सवर आणला. मी कोण, माझ्या समाजाने या लोकांचं काय केलं, गणवेश घातल्यावर माझ्या हातात कोणती सत्ता येते, कुणाला बघून माझा आवाज चढतो, कुणाचं दुखणं मला खरं वाटत नाही: हे प्रश्न नर्सने स्वतःला विचारायचे. आणि सेवा सुरक्षित होती की नाही, हे कोण ठरवणार? ज्याने ती घेतली तो. नर्सने स्वतःला प्रमाणपत्र द्यायचं नाही. या सगळ्या विषयातली सगळ्यात टोचणारी अट हीच आहे, आणि सगळा विरोध, त्याची भाषा कुठलीही असो, फिरून याच अटीशी येतो.

या अटीची गरज का आहे, हे कॅनडाच्या क्यूबेक प्रांतातल्या जोलियेत शहरात 28 सप्टेंबर 2020 रोजी जगाला दिसलं. जॉयस एशाक्वान, वय 37, अतिकामेक या मूळ रहिवासी समाजातल्या, सात मुलांची आई. हृदयाचा जुना त्रास होता. पोटात असह्य दुखत होतं म्हणून त्या रुग्णालयात आल्या होत्या. त्यांना अमली पदार्थांचं व्यसन आहे आणि ते न मिळाल्यामुळे हा आरडाओरडा चालला आहे, असं कर्मचाऱ्यांनी ठरवून टाकलं. खाटेवरून त्यांनी मोबाइलवर थेट प्रक्षेपण सुरू केलं, आणि मरणाच्या दारातल्या त्या बाईला नर्स आणि सहायिका काय काय बोलतात, हे लोकांनी ऐकलं. त्या दिवशीच त्यांचा मृत्यू झाला, फुफ्फुसात पाणी भरून. मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकारी जेहान कमेल यांनी 2021 च्या अहवालात म्हटलं, की या मृत्यूत वंशभेदाचा आणि पूर्वग्रहाचा वाटा होता.

मोबाइल नसता तर? केसपेपरवर व्यसनाची शंका, अस्वस्थ पेशंट, उपचारांना असहकार, एवढंच राहिलं असतं. रुग्णालयाच्या दप्तरात त्या मृत्यूची हकीकत अगदी स्वच्छ दिसली असती. ‘आम्ही सगळ्यांना सारखंच वागवतो’ हे विधान संस्थेच्या कागदांवरून तपासताच येत नाही, कारण ते कागद लिहिणारा हात तोच असतो. पेशंटचं म्हणणं पुराव्यात धरल्याशिवाय इथे कुणाला काही कळणार नाही.

आता आक्षेप एकेक करून घेऊ. पहिला: विद्यार्थ्यांना शरीरशास्त्र, औषधशास्त्र शिकायलाच वेळ पुरत नाही, त्यात हा विषय घुसवला की उपचारांचा दर्जा घसरेल. न्यूझीलंडमध्ये 1993 च्या सुमारास वर्तमानपत्रांतून याच मुद्द्यावर रान उठवलं गेलं. 1995 मध्ये संसदेच्या समितीने या विषयाची चौकशी केली. विषय त्या चौकशीतूनही टिकला, पण वाद संपला नाही. 2025 मध्ये न्यूझीलंडच्या सरकारने वैद्यकीय व्यवसायांच्या नियमनाबद्दल लोकांची मतं मागवली, तेव्हा नियामक संस्थांनी उपचारांच्या पलीकडे जाऊन सांस्कृतिक अटी घालाव्यात का, हा प्रश्न पुन्हा पुढे आला. प्रश्नातच गृहीतक आहे: उपचार एकीकडे, संस्कृती दुसरीकडे.

त्या गृहीतकाचं उत्तर पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या साउथ हेडलंडमध्ये सापडतं. मिस डू ही यामाजी या मूळ रहिवासी समाजातली 22 वर्षांची मुलगी. तिच्या कुटुंबाच्या इच्छेनुसार तिचं पहिलं नाव घेतलं जात नाही. न भरलेल्या दंडासाठी पोलिसांनी तिला ऑगस्ट 2014 मध्ये कोठडीत टाकलं. जोडीदाराच्या मारहाणीत पूर्वी मोडलेली तिची बरगडी पिकली होती, विष रक्तात भिनत होतं. दोन-तीन दिवसांत तिला तीनदा रुग्णालयात आणलं गेलं. पहिल्या दोन्ही वेळा ती कोठडीत राहायला योग्य आहे असं लिहून परत पाठवलं. दुखण्याचं खापर तिच्या वागण्यावर फोडलं गेलं. तिसऱ्यांदा आणलं तेव्हा उशीर झाला होता. 2016 च्या चौकशी अहवालात डॉक्टरांची जी चूक नोंदवली गेली, ती निदानशास्त्रातली प्राथमिक चूक आहे: निदान आधीच ठरवून टाकलं आणि मग पुढचं बघणं थांबलं. हे विद्यार्थ्यांना मेडिसिनच्या पहिल्या पोस्टिंगमध्ये शिकवतात. मग शिकलेले डॉक्टर का चुकले? कारण ‘ही बाई नाटक करतेय’ असं मनाने आधीच सांगितलं होतं. पूर्वग्रह निदानाची वाट बंद करतो. तो ओळखायला शिकवणं हा क्लिनिकल अभ्यासाचाच भाग आहे, आणि त्याला जो वेळ लागेल तो रक्तदाब मोजायला शिकवण्याइतकाच आवश्यक वेळ आहे.

दुसरा आक्षेप: हा गोऱ्या माणसांना अपराधी ठरवण्याचा उद्योग आहे. ऑस्ट्रेलियात मार्च 2018 मध्ये नर्स आणि सुईणींची नवी आचारसंहिता लागू झाली. तिच्यात सांस्कृतिक सुरक्षिततेचा भाग होता. लगेच टीव्हीवरून आणि काही राजकारण्यांच्या तोंडून आरोळी उठली, की आता गोऱ्या नर्सला पेशंटला हात लावण्याआधी आपल्या गोरेपणाच्या विशेषाधिकाराची कबुली द्यावी लागणार. संहितेत असं कुठलंही बंधन नव्हतं. नर्सिंग मंडळाला तसा जाहीर खुलासा करावा लागला. पण खुलासा आरोळीइतका लांब पोहोचत नाही, आणि आजही अनेक जण ती कबुलीची गोष्ट खरी समजून सांगतात. एखाद्या विचाराला विरोध करायचा तर त्यात जे लिहिलंय त्याला करावा. जे लिहिलंच नाही त्यावर लोकांना भडकवणं हा अप्रामाणिकपणा आहे, आणि त्याची किंमत मिस डूसारख्या मुली मोजतात. ऑस्ट्रेलियाने मात्र माघार घेतली नाही. 2022 मध्ये वैद्यकीय व्यवसायांच्या राष्ट्रीय कायद्यातच मूळ रहिवाशांच्या सांस्कृतिक सुरक्षिततेचा समावेश झाला.

याच आक्षेपाचं एक रूप आपल्या लोकांकडून येतं आणि त्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. ऑकलंडला किंवा पर्थला गेलेली आपली नर्स म्हणते, मी स्वतः सावळी, परदेशी, माझ्या उच्चारांवरून मला टोमणे खावे लागतात. मी कुणावर कसला अन्याय करणार? तिचा अनुभव खरा आहे, त्याची भरपाई झालीच पाहिजे. पण रॅम्सडेन यांचा विचार कातडीच्या रंगापाशी थांबत नाही. वयाने, लिंगाने, वर्गाने, धर्माने, अपंगत्वाने वेगळ्या असलेल्या प्रत्येक पेशंटला तो लागू करता येतो. न्यूझीलंडच्या कौन्सिलने संस्कृती हा शब्द तितक्याच रुंद अर्थाने घेतला. गणवेशातली बाई आणि गाउन घालून खाटेवर पडलेला माणूस यांच्यात सत्तेचं अंतर आहे, मग गणवेशातली बाई मूळची लंडनची असो की लातूरची.

तिसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि त्यात तथ्य आहे: अशा प्रशिक्षणाने काही बदलत नाही. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी मूळ रहिवाशांच्या सांस्कृतिक सुरक्षिततेचं ऑनलाइन प्रशिक्षण बरीच वर्षं चालू होतं. तरीही 2020 मध्ये तिथे झालेल्या स्वतंत्र चौकशीत, प्रश्नावलीला उत्तर देणाऱ्या मूळ रहिवाशांपैकी 84 टक्क्यांनी आरोग्यसेवेत कुठला ना कुठला भेदभाव अनुभवल्याचं सांगितलं. त्या चौकशीची सुरुवात एका भयंकर आरोपातून झाली होती: तातडीच्या विभागातले कर्मचारी पेशंटच्या रक्तातल्या दारूच्या प्रमाणावर पैजा लावतात. असा संघटित खेळ सर्वत्र चालतो याचा पुरावा चौकशीत मिळाला नाही, आणि अहवालाने तसं स्पष्ट लिहिलं. मला हा अहवाल त्यामुळेच विश्वासार्ह वाटतो. गाजलेला आरोप सिद्ध होत नाही असं सांगून त्याने दाखवलं, की त्याहून साधा, रोजचा, कुणाच्या लक्षात न येणारा तुच्छभाव सगळ्या व्यवस्थेत पसरलेला आहे.

मग प्रशिक्षण निरुपयोगी का? तासाभराचे स्लाइड पाहून, शेवटी पाच बहुपर्यायी प्रश्न सोडवून, प्रमाणपत्र छापून घेण्याच्या प्रशिक्षणाबद्दल बोलत असाल, तर हो. ते बंद केलं तरी कुणाचं नुकसान नाही. पण रॅम्सडेन यांनी मागितलं होतं ते हे नव्हतं. त्यांच्या अटीतला दुसरा भाग, पेशंटच्या निवाड्याचा, संस्था नेहमी गाळतात. ऑकलंड विद्यापीठातल्या एलाना कर्टिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2019 मध्ये हीच तक्रार मांडली: कर्मचाऱ्याचं ज्ञान वाढवत बसण्यापेक्षा सत्ता, व्यवस्था आणि जबाबदारी यांच्याकडे बघा, आणि परिणाम आरोग्याच्या समानतेत मोजा. औषधाचा अर्धा डोस देऊन ‘औषध लागू पडत नाही’ असं लिहिणाऱ्या डॉक्टरला आपण काय म्हणू?

पूर्ण डोस दिल्याची उदाहरणं आहेत. ब्रिस्बेनच्या इनाला उपनगरात 1994 मध्ये सरकारी दवाखान्याकडे फिरकणारे मूळ रहिवासी पेशंट होते 12, वस्ती त्यांची मोठी असताना. त्या लोकांनाच बोलावून विचारलं गेलं, की तुम्ही का येत नाही? उत्तरं साधी होती: आमच्यातलं कुणी तिथे काम करत नाही, तिथली माणसं नीट बोलत नाहीत, आपलं वाटावं असं तिथे काही दिसत नाही. मग मूळ रहिवासी डॉक्टर आणि कर्मचारी आले, बाकीच्यांना प्रशिक्षण मिळालं, दवाखान्याचं रूप बदललं. 2008 पर्यंत येणाऱ्यांची संख्या हजारांत गेली. त्याच शहरात मूळ रहिवासी संस्थांच्या सहभागाने गरोदर बायकांसाठी एक सेवा उभी राहिली: प्रत्येकीला तिची ठरलेली सुईण, सोबत तिच्या समाजातली मदतनीस, आणि कारभारात त्या समाजाचा हात. 2021 मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आलेल्या अभ्यासात, नेहमीची सेवा घेणाऱ्या मूळ रहिवासी बायकांच्या तुलनेत इथे मुदतपूर्व प्रसूतीची शक्यता सुमारे 38 टक्क्यांनी कमी आढळली. हा चिठ्ठ्या टाकून गट पाडलेला प्रयोग नव्हता, हे मान्य. पण मुदतीआधी जन्मणारं मूल म्हणजे काय, हे बालरोग विभागात एक आठवडा काढलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. असा परिणाम एखाद्या गोळीने दाखवला असता तर ती आज प्रत्येक दवाखान्यात असती.

डोस मध्येच थांबवल्याचंही उदाहरण आहे. न्यूझीलंडमध्ये माओरी माणूस इतरांपेक्षा सरासरी सात वर्षं आधी मरतो. 2019 मध्ये वाइतांगी न्यायाधिकरणाने निकाल दिला, की प्राथमिक आरोग्यसेवेच्या बाबतीत सरकारने माओरी प्रमुख आणि ब्रिटिश राजसत्ता यांच्यातल्या 1840 च्या वाइतांगी कराराचा भंग केला आहे. त्यातून 2022 मध्ये माओरी आरोग्य प्राधिकरण उभं राहिलं, आणि सरकार बदलल्यावर 2024 मध्ये, दोन वर्षं पुरी होतात न होतात तोच, ते मोडीत निघालं. ‘सगळ्यांना गरजेनुसार’ हे त्यामागचं बोधवाक्य. ऐकायला न्याय्य आहे. पण गरज मोजणारी नजरच सदोष असेल, तर गरजेनुसार वाटलेली सेवाही वाकडीच वाटली जाते. सिंक्लेअर यांची गरज त्या तातडीच्या विभागात सगळ्यात मोठी होती.

चौथा आक्षेप महाराष्ट्रात हमखास येतो, आणि तो येणं मला चांगलं लक्षण वाटतं. नरेंद्र दाभोलकरांनी जिथे आयुष्य वेचलं, जिथे 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला, तिथला वाचक विचारणारच: संस्कृतीचा मान राखायचा म्हणजे अंधश्रद्धेलाही मान द्यायचा का? मेळघाटात आजारी बाळाच्या पोटावर तापलेल्या लोखंडाने चटके देतात, त्याला ‘डंबा’ म्हणतात. तिथल्या डॉक्टरने हे सहन करावं?

अजिबात नाही. डंबा घातक आहे, तो थांबलाच पाहिजे, आणि डॉक्टरने ते स्वच्छ शब्दांत सांगितलं पाहिजे. सांस्कृतिक सुरक्षिततेच्या कुठल्याही व्याख्येत घातक उपचारांना परवानगी नाही. पण कोरकू आई चटके दिलेलं बाळ घेऊन दवाखान्यात पोहोचली आहे, त्या क्षणाकडे बघा. तिने भूमकाचं, म्हणजे गावातल्या पारंपरिक वैदूचं, ऐकलं आणि तरीही ती दवाखान्याची पायरी चढली. म्हणजे तिने दोन्ही दारं ठोठावली. आता डॉक्टर सगळ्या ओपीडीसमोर तिच्यावर ओरडला, ‘अडाणी लोक, मुलं मारता आणि मग आमच्याकडे येता’ असं बोलला, पोलिसांची भीती घातली, तर त्याचं म्हणणं वैज्ञानिकदृष्ट्या बरोबरच राहील. ती आई मात्र पुढच्या आजारात येणार नाही, आणि पाड्यावरच्या आणखी दहा आयांना सांगेल की जाऊ नका. त्या दहा घरांत मग भूमकाला स्पर्धकच उरणार नाही. अंधश्रद्धेशी लढणाऱ्या माणसाने पेशंटचा अपमान सगळ्यात आधी थांबवला पाहिजे.

आपल्याकडे हा अपमान क्रूर माणसं करत नाहीत, तो सवयीने होतो. साठी ओलांडलेल्या आदिवासी माणसाला पंचविशीतला इंटर्न ‘काय रे, कधीपासून दुखतंय?’ असं एकेरीत विचारतो. त्याच्यानंतर आलेल्या शिक्षकाला ‘सर, बसा’ म्हणतो. माडिया, कोरकू किंवा भिली बोलणाऱ्या बाईला मराठीतून प्रश्न विचारला जातो, ती गप्प राहिली की ‘हिस्ट्री देत नाही’ असं लिहिलं जातं. सोबत पाच नातेवाईक आले म्हणून वॉर्डातले मामा त्यांना हाकलतात, पेशंट एकटा पडतो, घाबरतो, आणि रात्रीतून घरी निघून जातो. केसपेपरवर शेरा पडतो: ‘न सांगता पळून गेला.’ दोष त्याचा. आदिवासी दुखणं अंगावर काढतात, असं नंतर आपण परिषदांमधून सांगतो.

2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात आदिवासींची संख्या एक कोटी पाच लाखांवर होती. केंद्र सरकारने नेमलेल्या, डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीचा आदिवासी आरोग्यावरचा अहवाल 2018 मध्ये आला. याच डॉ. बंग यांनी पत्नीबरोबर गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेचं रुग्णालय उभारताना काय केलं, हे बऱ्याच वाचकांना माहीत असेल. त्यांनी आधी गोंड लोकांनाच विचारलं, की तुम्हाला कसं रुग्णालय हवं? लोकांना मोठ्या इमारतीची भीती वाटत होती. नातेवाइकांना पेशंटजवळ राहता यायला हवं होतं. आणि आपली देवी तिथे हवी होती. शोधग्रामचं रुग्णालय म्हणून झोपड्यांसारखं बांधलं गेलं, नातेवाईक सोबत राहतील असं, आणि त्याला दंतेश्वरी देवीचं नाव मिळालं. तिथे शस्त्रक्रिया आधुनिक शास्त्रानेच होतात. देवीच्या नावाने त्या शास्त्राचा एक कणही कमी झाला नाही. पेशंट मात्र आले. हे आपल्या राज्यात, आपल्या डॉक्टरांनी केलं आहे. तेव्हा हा विचार परदेशातून आणलेला आहे, आपल्याला लागू होत नाही, असं म्हणायची सोय उरत नाही.

उरते ती एक लाजिरवाणी विसंगती. डिसेंबर 2023 पासून न्यूझीलंडमध्ये नोंदणी हवी असलेल्या परदेशी नर्सला सांस्कृतिक सुरक्षिततेचे ऑनलाइन अभ्यासक्रम पूर्ण करावे लागतात. तिकडे जाणाऱ्यांत भारतीय नर्स मोठ्या संख्येने आहेत. म्हणजे नाशिकला शिकलेली मुलगी ऑकलंडच्या नोकरीसाठी माओरींच्या जमिनी कशा गेल्या हे अभ्यासते. सुरगाण्याहून आलेली कोकणा बाई नाशिकच्या वॉर्डात गप्प का बसते, हा प्रश्न मात्र तिच्यासमोर गुणांसाठी कधी आलेला नसतो. एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात 2019 पासून वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद यांचा ‘एटकॉम’ भाग आहे. संमती, गुप्तता, वाईट बातमी कशी सांगावी, हे त्यात आहे आणि ते चांगलं आहे. त्या तासांना आदिवासी माणसं शिक्षक म्हणून बोलवा, मानधन देऊन; पाहुणे म्हणून हार घालून परत पाठवायला नको. सक्तीच्या ग्रामीण सेवेत जाणाऱ्या डॉक्टरला तिथल्या भाषेतली शंभर वाक्यं यायला हवीत, आणि त्याची तोंडी परीक्षा त्या भाषेच्या माणसाने घ्यावी.

यावर शेवटचं उत्तर येतं: डॉक्टर कमी, खाटा कमी, पैसा नाही, हे कधी करणार? माणसं कमी आहेत हे खरं, आणि त्यासाठी सरकारशी भांडलंच पाहिजे. पण एक काम आजच्या मनुष्यबळात होण्यासारखं आहे. माता मृत्यू झाला की त्याचं अन्वेषण होतं: कोण आलं, कधी आलं, कुठे उशीर झाला, हे घरी जाऊन विचारतात. ‘न सांगता पळून गेला’ असा शेरा पडलेल्या प्रत्येक आदिवासी पेशंटचं तसंच अन्वेषण व्हावं. आठवड्याच्या आत, त्याची भाषा बोलणारी आशा किंवा कार्यकर्ता त्याच्या पाड्यावर जाईल, तो का गेला हे विचारेल, आणि त्याचं उत्तर त्याच्याच शब्दांत त्या वॉर्डच्या डॉक्टर-सिस्टरांपुढे वाचलं जाईल. कारवाईसाठी नव्हे, पहिलं वर्षभर तरी नुसतं ऐकण्यासाठी. धारणीच्या उपजिल्हा रुग्णालयापासून सुरुवात करता येईल. जिल्हा शल्यचिकित्सकांच्या सहीचं एक पत्र त्याला पुरे आहे.